संकपाळांचे रिकामे तंबू

"तंबू शिल्लक न्हाईत," महिपत संकपाळ म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. जांभळांच्या सावलीत, लाकडी चौथऱ्यांवर नऊ तंबू उभे होते. नवांचेही पडदे वर बांधलेले. आत खाटांवर पांढऱ्या चादरी, पायथ्याशी घडी घातलेल्या गोधड्या. दोरीवर उशा उन्हाला टाकलेल्या. आणि पाहुणा म्हणाल तर औषधाला नाही.

"हे सगळे रिकामेच दिसतायत की," मी म्हटलं.

"बुकिंग हाय."

"मार्चच्या पहिल्या आठवड्यात?"

"हां."

"आणि दुसऱ्या?"

"तवाबी."

दहा मिनिटांपूर्वी हाच माणूस लाँचपर्यंत आला होता. आमच्या पिशव्या त्याने स्वतः उचलल्या, पायरी निसरडी आहे म्हणून मला हात दिला, बायकोला गवती चहाची पात टाकून चहा करायला सांगितला. तंबू दाखवताना म्हणाला, "कापड जाड हाय बाई, वारं आत येत न्हाई. पोरं निवांत झोपतील." मग विचारलं, पोरं किती, कितवीतली. मी सांगितलं, तेवीस, पाचवी ते आठवी. आणि सांगितलं की आमची शाळा कर्णबधिर मुलांची आहे, मुलांना ऐकू येत नाही. हे अस्लम मुलाणी, आमचे चित्रकलेचे शिक्षक, यांनाही येत नाही.

त्याच्या हातातला कप वाटेतच थांबला. त्याने अस्लमकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि कप खाली ठेवला. तेव्हापासून तंबू शिल्लक नव्हते.

मला हे नवीन नव्हतं. साताऱ्याच्या त्या शाळेत मला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. 'तुमची मुलं' म्हटल्यावर लोकांचा चेहरा कसा बदलतो ते मी बसमध्ये, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये पाहिलेलं होतं. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने मुलांच्या सहलीसाठी देणगी दिली होती आणि अट एकच घातली होती : पाण्याकाठी, तंबूत, दोन दिवस. इनामदार सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, अस्लमला आणि मला कोयनेच्या जलाशयावर धाडलं. म्हणाले, "जगदाळे बाई, ठिकाण तुम्ही ठरवायचं. तुम्ही हो म्हणाल तिथे जाऊ."

सकाळपासून दोन ठिकाणं पाहून झाली होती. पहिलं रस्त्याच्या कडेलाच. साठ छोटे तंबू एकाला एक चिकटून, मध्ये मांडव, आणि मांडवाच्या चारी कोपऱ्यांना माणसाच्या उंचीचे स्पीकर. तिथला माणूस अभिमानाने म्हणाला, आवाज पलीकडच्या डोंगरापर्यंत जातो. मी ते अस्लमला खुणांनी सांगितलं. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आपल्याला चालेल की. झोप छान लागेल." दुसरं ठिकाण ग्लॅम्पिंगचं. पारदर्शक घुमट, आत वातानुकूलन, बाहेर न्हाणीचा टब, फोटोसाठी पाण्यावर सोडलेला झोपाळा. तिथल्या व्यवस्थापकाने आम्हाला सरबत दिलं, मुलांना सवलत देऊ केली. कर्णबधिर म्हटल्यावर त्याच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही, हे मी वहीत लिहून घेतलं. फक्त त्याच्या धक्क्याला कठडा नव्हता. पोहायला चालतं का विचारलं तर हसून म्हणाला, "तुमची जबाबदारी, तुमची मजा."

तिसरं हे संकपाळांचं. पलीकडच्या काठावर, शेवरवाडीखाली. लाँचशिवाय यायची सोय नाही. फोन महिपतच्या बायकोने घेतला होता आणि "या, या" म्हणाली होती.

"मंदे, तू या म्हणालीस?" महिपतने तिला आमच्यासमोरच विचारलं.

"म्हणाले," ती म्हणाली. खाली बघून म्हणाली, पण म्हणाली.

परतीची लाँच चार वाजता गेली होती, पुढची सकाळी आठला. आम्हाला राहणं भाग होतं. त्याने दोन तंबू दिले, दोन्ही वरच्या अंगाचे, पाण्यापासून लांब. तंबू मात्र फार सुंदर होता, हे मला चिडलेली असतानाही कबूल करावं लागलं. खाट भक्कम, चादरीला उन्हाचा वास, कोपऱ्यात माठ, मागच्या बाजूला सारवलेली न्हाणी आणि बंबाचं गरम पाणी. पडदा बाजूला केला की थेट समोर पाणी, पाण्यात डोंगर. अशी जागा हा माणूस आमच्या मुलांना नाकारत होता.

मंदाकिनी नावं लिहायला वही घेऊन आली. बांधणीचं जाड रजिस्टर. मी सही करताना सवयीने मागचं पान उलटलं. शेवटची नोंद आदल्या वर्षीच्या बारा मार्चची होती. पुण्याची सहा नावं. त्यानंतर कोरं.

"अकरा महिन्यांत कुणीच आलं नाही?" मी विचारलं.

तिने वही माझ्या हाताखालून ओढून घेतली. "तितं नगं बाई. नव्या पानावर करा सही."

"मग या चादरी कुणासाठी घालता?"

"धुळीनं खराब व्हत्यात," ती म्हणाली आणि गेली.

आता मला नुसता राग नव्हता, शंका यायला लागली. अकरा महिने पाहुणा नाही. तरी रोज चादरी बदलतात, उशा उन्हात घालतात. आणि कुणी आलं की बुकिंग आहे म्हणतात. मी इकडेतिकडे बघू लागले. काठाने एका बाजूला बांबू रोवून दोरी बांधली होती, तिला लाल फडकी. मंदाकिनीला विचारलं तर म्हणाली, पिकासाठी. त्या दोरीच्या आत पीक नव्हतं, नुसती उतरत गेलेली जमीन आणि पाणी. सगळ्यात खालचा, नववा तंबू मघाशी उघडा होता, आता त्याचा पडदा बांधून घेतला होता. आणि महिपत दिसेल तिथे उभा होता. मी कुठे जाते यापेक्षा अस्लम कुठे जातो याच्यावर त्याची नजर. अस्लम नळावर गेला, हा नळापाशी. अस्लम जांभळाखाली बसला, हा कुऱ्हाड घेऊन समोर लाकडं फोडायला.

"हा माणूस तुझ्यावर पाळत ठेवून आहे," मी अस्लमला म्हटलं.

"मी देखणा आहे," त्याने उत्तर दिलं.

अस्लमबद्दल थोडं सांगायला हवं. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. नवव्या वर्षी मेंदूज्वराने त्याचं ऐकणं गेलं, म्हणजे बोलता येत होतं. पण स्वतःचा आवाज कानावर न पडल्याने तो सपाट, घोगरा झाला होता. एकदा कुठल्याशा दुकानात पोरं हसली, तेव्हापासून परक्यांसमोर तो तोंड उघडायचा नाही. माझ्याशी हातांनी बोलायचा. ओठ मात्र असे वाचायचा की समोरच्याचं तोंड दिसत असलं तर त्याच्यापासून काही लपत नसे. संकपाळांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी तो मुका आणि बहिरा होता, आणि मी तो गैरसमज दूर केला नाही. म्हटलं, राहू दे. उपयोगी पडेल.

ऊन उतरल्यावर मी तंबूत जरा पाठ टेकली होती. बाहेर आरोळी ऐकू आली. "ओ! ओ मास्तर!" मग पुन्हा, नरड्याच्या शिरा तुटतील अशी. मी बाहेर धावले. अस्लम चित्रांची वही घेऊन लाल फडक्यांच्या दोरीपलीकडे गेला होता. दूर पाण्याच्या कडेला बगळे बसले होते, त्यांच्या दिशेने सावकाश चालला होता, पाठ आमच्याकडे. आणि महिपत एक लांब फळी खांद्यावर घेऊन उतारावरून अक्षरशः स्वतःला झोकून देत धावत होता.

बघता बघता अस्लमचा एक पाय पोटरीपर्यंत गेला. तो थांबला, दुसरा पाय उचलायला गेला, तोही गेला. वरून भेगाळलेली, वाळलेली दिसणारी ती जमीन म्हणजे नुसता गाळ होता. महिपतने फळी आडवी टाकली, तिच्यावर पालथा पडून सरपटत पुढे गेला आणि अस्लमच्या कंबरेला मिठी मारून त्याला मागे ओढलं. दोघे चिखलाने माखून कडेला आले. मी पोहोचले तेव्हा महिपतने अस्लमची गचांडी धरली होती आणि त्याला गदागदा हलवत होता.

"सोडा त्यांना!" मी ओरडले. "आधी हात सोडा!"

त्याने सोडलं. त्याचा चेहरा मला आजही आठवतो. पांढराफटक, चिखलाने अर्धा माखलेला.

"ऐकू येत न्हाई," तो मला म्हणाला, "तर पाण्यावर कशाला आणता असल्यांना? कशाला आणता?"

"असल्यांना म्हणजे?"

तो वळला. फळी उचलली आणि निघून गेला. खालच्या तंबूचा पडदा बाजूला करून त्याने ती आत टाकली तेव्हा मला आतलं दिसलं. मघाची चादर खाटेवर नव्हती. तिच्या जागी तशाच आणखी फळ्या आणून टाकल्या होत्या, दोरखंडांची वेटोळी, शिडी, हवा भरलेल्या ट्यूब.

मी वहीत संकपाळांच्या नावावर काट मारली आणि खाली लिहिलं : माणूस खोटं बोलतो. मुलं नकोत. काहीतरी लपवतोय.

पहाटे थंडीने जाग आली. बाहेर उजाडत होतं, पाण्यावरून धुकं उचलत होतं. बंबापाशी जाळ होता. जाळाच्या एका अंगाला अस्लम उकिडवा बसला होता, दुसऱ्या अंगाला महिपत. महिपत बोलत होता. हळू, न थांबता, अस्लमच्या तोंडाकडे बघत. मधेच हाताने पाण्याकडे दाखवत होता, मधेच स्वतःच्या छातीवर बोट टेकवत होता. ज्याला एक शब्द ऐकू येत नाही अशा माणसाशी कुणी इतकं का बोलेल, ते मला कळेना. आणि त्या माणसाला सगळं समजतंय हे बोलणाऱ्याला माहीत नव्हतं, हे मला माहीत होतं.

माझ्या पायाखाली काटकी मोडली. महिपत गप्प झाला आणि उठून गेला.

"काय सांगत होता?" मी अस्लमला विचारलं.

"काही नाही. हवापाण्याचं."

"अस्लम."

"हवापाण्याचं, ताई." हातांनी खोटं बोलताना तो हात अंगाजवळ ठेवायचा, लहानपणापासून. मी त्याला सहावीत शिकवलं होतं.

लाँचमध्ये बसल्यावर तो म्हणाला, "हीच जागा घ्यायची."

मला वाटलं मी खूण चुकीची वाचली. "काल याच माणसाने तुझी गचांडी धरली होती."

"त्याच्याआधी त्याने मला बाहेर काढलं."

"त्याला आपली मुलं नकोत. तोंडावर सांगितलं त्याने."

"आता हवी म्हणेल."

"का? पहाटे काय बोलला तो? पोलिसांचं काही आहे का? बाईमाणसाचं काही? माझ्या भरवशावर तेवीस मुलं येणार आहेत अस्लम, मला कळायला नको?"

त्याने हात मांडीवर ठेवले. लाँचमध्ये दहाबारा माणसं होती, दुधाच्या किटल्या घेऊन, बाजाराला निघालेली. आणि मग त्याने तोंड उघडलं. त्या सगळ्यांसमोर, त्या घोगऱ्या, सपाट आवाजात, मोठ्याने. "ताई, मला सांगता येत नाही. माझं नाही ते. पण मुलं तिथे सुरक्षित आहेत. मी सांगतो म्हणून."

माणसं वळून बघायला लागली. त्याचे कान लाल झाले, पण मान खाली गेली नाही. सोळा वर्षांत मी त्याला परक्यांसमोर बोलताना पाहिलं नव्हतं. त्या एका गोष्टीसाठी मी हो म्हटलं. विश्वास बसला म्हणून नाही.

साताऱ्याहून मंदाकिनीला फोन केला, तर तिने फोन नवऱ्याकडे दिला.

"या," तो म्हणाला.

"बुकिंग होतं ना तुमचं?"

"रद्द झालं," तो म्हणाला.

मार्चच्या पहिल्या शनिवारी आम्ही गेलो. लाँच सुरू झाली तशी तेवीस मुलांनी बूट काढले आणि तळवे फळ्यांवर टेकवले. इंजिनाची थरथर पायांतून वर येते तशी एकेकाच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. किशोरी नावाची सातवीतली मुलगी तर पालथी पडून गाल लावून होती. लाँचवाला म्हणाला, माझं इंजिन एवढं कुणी कवतिकानं ऐकलं नव्हतं.

संकपाळांचा काठ ओळखू येईना. दोरी गेली होती. तिच्या जागी छातीइतकं उंच बांबूचं कुंपण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दर पन्नास पावलांवर वाडीतला एकेक माणूस, हातात लाल फडकं. महिपत पायरीवर उभा होता. मुलं उतरली तेव्हा त्याने दोन्ही हात वर करून खूण केली : थांबा. मग : सावकाश. मग : या. तिन्ही खुणा अचूक.

"कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"मास्तर येऊन गेले दोनदा. रविवारी."

अस्लमने मला ते सांगितलं नव्हतं.

मुलांचे ते दोन दिवस कसे गेले ते मुलांनाच विचारावं. तंबूच्या कापडाला हात लावून त्यांनी वारा मोजला. गोधड्यांचे किल्ले केले. मंदाकिनीने नाचणीच्या भाकऱ्या थापल्या आणि मुलींनी तिच्या शेजारी बसून वाकड्यातिकड्या थापल्या. त्याच आधी संपल्या. कमरेइतक्या पाण्याचा एक कोपरा बांबूंनी बंदिस्त केला होता, त्यात आठआठ जणं डुंबली, ट्यूब घालून, आणि महिपत कपड्यांसकट पाण्यात उभा, सगळ्यांच्या पलीकडे, खोल बाजूला. संध्याकाळी अस्लमने कंदिलासमोर पांढरी चादर बांधली आणि हातांच्या सावल्यांनी गोष्ट सांगितली. मुलं पोट धरून हसत होती. महिपतही बघत होता, एकटाच, मागे.

आणि मी महिपतकडे बघत होते. पाण्याकडे बघायचं सोडून. इतकं कुंपण, इतकी माणसं, आणि हे सगळं आमच्यासाठी? ज्याला तीन आठवड्यांपूर्वी आम्ही नको होतो, त्याला आता आमची एवढी काळजी? अस्लम आणि तो एकमेकांकडे बघायचे आणि नजर काढून घ्यायचे. माझ्या पाठीमागे काहीतरी ठरलेलं होतं, आणि ते काय ते मला कळल्याशिवाय राहणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून महिपत सारखा पाण्यावर नजर लावून होता. दुपारी तीनच्या सुमाराला, वेळापत्रकात नसलेली एक लाँच आली. तिच्यातून एकच माणूस उतरला. सत्तरीचे गृहस्थ, इस्त्रीचा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. महिपत पुढे झाला, पण त्याने हात दिला नाही, पिशवीही घेतली नाही. दोघे खालच्या तंबूकडे गेले. मंदाकिनी चुलीपाशी होती, तिने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

मुलं वर अस्लमबरोबर चित्रं काढत होती. मी खाली गेले. लपून ऐकणं बरं नव्हे हे मला समजत होतं. मी तंबूच्या मागे जांभळाला टेकून उभी राहिले.

"फोनवर तुम्ही म्हणालात, बोलायचंय," म्हातारे म्हणत होते. "मी आलो. बोला."

"काका, गेल्या सालच्या पंचनाम्यात मी सांगितलं होतं," महिपत म्हणाला, "मी केतकीताईला हाका मारल्या. तीन हाका. तिनं ऐकलं न्हाई. ती गाळात पुढंपुढं गेली. आन कड तुटून खाली जुन्या नदीच्या डोहात गेली."

"हो. ते मला पाठ आहे."

"मी हाक मारली न्हवती."

मग महिपतच बोलू लागला. त्या सकाळी त्याने त्या सहा जणांना दोनदा बजावलं होतं, तिकडे जाऊ नका. त्यांच्यातल्या एका मुलाने त्याच्या बोलण्याची नक्कल केली आणि सगळे हसले. केतकीही हसली. दुपारी ती एकटीच फोटो काढायला गाळाकडे निघाली तेव्हा हा पायरीवर बसून विळीला धार लावत होता. त्याने तिला पाहिलं.

"मनात आलं, माखू दे जरा. चपला जातील, रडत येईल, मग कळंल. एवढंच आलं मनात काका. देवाशपथ एवढंच. मी मान खाली घालून धार लावत बसलो. वर बघितलं तवा ती कमरेपर्यंत होती. मग पळालो. तवा ओरडलो. तवर कड तुटली."

"ती किती लांब होती? तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा."

"त्या झाडाइतकी."

"हाक ऐकू गेली असती?"

"गेली असती."

"थांबली असती?"

म्हाताऱ्यांनी ते परत विचारलं नाही. ते म्हणाले, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"मास्तरास्नी. बायकोलाबी त्यांच्यानंतरच सांगितलं. त्यांना ऐकू येत न्हाई म्हणून मी बोललो. अकरा महिनं कुणापुढं तरी बोलायचं होतं. सगळं बोलून झालं. मग लाँच यायच्या आधी नळापाशी ते तोंडानं म्हणाले, 'तिच्या वडलांना सांगा.' त्यांना सगळं कळतं, बोलताबी येतं, हे मला तवा कळलं."

"आणि मग तीन आठवडे थांबलात."

"ही पोरं यायची होती. म्हटलं, ही सुखरूप घरी जाऊ देत. पर काल त्यांना पाण्यात बघितलं, आन रात काढवंना. फोन केला."

म्हातारे उठले. मला वाटलं ते त्याला मारतील. मारलं असतं तर मी मध्ये पडले नसते. पण ते तंबूच्या बाहेर आले आणि मी समोरच होते. लपायला वेळ नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी कोण हे विचारलंसुद्धा नाही.

"तिचं माझं लहानपणापासून यावरूनच वाजायचं," ते म्हणाले, जणू आम्ही एकाच घरातले असावेत. "म्हणायचो, केतकी, तू कुणाचं ऐकत नाहीस. हे गृहस्थ म्हणाले, तीन हाका मारल्या, ऐकलं नाही. मला खरं वाटलं. मला लगेच खरं वाटलं हो. तिच्या फोटोला हार घालताना मी तिला रागावलोय. वर्षभर. रोज." त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, नुसता हातात धरला. "पोर काही चुकली नव्हती. तिला कुणी हाकच मारली नव्हती."

मग ते मागे वळून महिपतला म्हणाले, "मला सांगितलंत तेच ठाण्यात सांगायचं. आत्ता. माझ्याबरोबर चला."

"येतो," महिपत म्हणाला.

त्याने मंदाकिनीला काहीतरी सांगितलं, ओले कपडे बदलले. आमच्या मुलांची परतीची लाँच किती वाजता, कुंपणापाशी कोण कोण थांबणार, हे सगळं वाडीतल्या माणसांना बजावलं. मग अस्लमपुढे येऊन उभा राहिला. अस्लमने मान हलवली, तेवढीच.

पुढे त्या जबाबाचं काय झालं ते मला मंदाकिनीकडून तुटक तुटक कळत गेलं. चौकशी पुन्हा उघडली, महिपतला बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या. त्या पावसाळ्याआधी त्यांनी तंबू मोडले. दोघं आता वाडीत नाचणी करतात. आमची मुलं त्या जागेवरची शेवटची पाहुणी.

पण हे नंतरचं. त्या दुपारी लाँच निघत होती आणि मी काठावर अस्लमला विचारत होते, "मला का नाही सांगितलंस? मी काय काय समजत होते त्या माणसाला."

"तुम्ही बरोबरच समजत होता," तो हातांनी म्हणाला. "तो लपवतच होता. सांगितलं असतं तर तुम्ही सगळीकडे सांगितलं असतंत, आणि त्याला सांगावंच लागलं नसतं."

मी लाँचकडे वळले.

वर चित्रं काढणारी मुलं पाहुणे निघालेले बघून धावत कुंपणापाशी आली आणि हात हलवू लागली, तेवीसच्या तेवीस, दोन्ही हातांनी. लाँच वळली. मग म्हाताऱ्यांनी हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. ते आणि महिपत एकाच फळीवर बसले होते, दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा सोडून.